घरच्या मशीनवर कुशन कव्हर : माप, कटाई आणि मजुरीचा खरा हिशेब

मालेगाव असो, भिवंडी असो की सोलापूर, आपल्या वस्तीतून दुपारी फिरले की कुठल्या ना कुठल्या घरातून शिलाई मशीनचा आवाज ऐकू येतोच. घरची कामे उरकली की आपल्या भगिनी मशीनवर बसतात. कोणी फॉल-पिको करते, कोणी रेडिमेडच्या मालाला टिपा मारते. मजुरी नगावर असते. माल देणारा सांगेल तो भाव घ्यायचा. दोरा आपला, वीज आपली, आणि एखादी टीप वाकडी गेली तर नग परत. अशा कामात हात बसतो, पण हातात पैसा उरत नाही.

याच मशीनवर, याच हाताने, दुसरे एक काम करता येते. गिऱ्हाइकाच्या मापाने आणि पसंतीने शिवलेले शोभेचे कुशन कव्हर, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उशीचा अभ्रा. हे काम अवघड नाही. सगळ्या शिलाया सरळ आहेत. तरीही अनेक जण हे काम सुरू करतात आणि चार-सहा महिन्यांत सोडून देतात. ‘मेहनत होते, पण परवडत नाही’ असे सांगतात. याचे कारण शिवणीत नाही. तोटा होतो तो मापात, कापडाच्या खरेदीत आणि स्वतःच्या वेळेची किंमत न धरण्यात. म्हणून या लेखात शिवणीइतकाच हिशेबही दिला आहे.

हे काम कोणासाठी?

बाजारात तयार कव्हरे ठरावीक मापांत आणि स्वस्त मिळतात. त्यांच्याशी भावात स्पर्धा करू नये, कारण ती कव्हरे एका वेळी शेकड्यांनी कापली जातात. आपले गिऱ्हाईक वेगळे आहे. ज्याच्या जुन्या सोफ्याचे कुशन बाजारच्या मापाचे नाही, ज्याला पडद्याच्या कापडाशी जुळणारे कव्हर हवे आहे, ज्याच्या दिवाणावर लोड आणि तक्के आहेत, ज्याच्या वेताच्या खुर्चीची गादी गोल आहे, तो आपल्याकडे येतो. आपल्या भागातील पडद्याच्या कापडाचा दुकानदार आणि सोफा दुरुस्त करणारा कारागीर हे दोघे असे गिऱ्हाईक पाठवू शकतात. कामाला सुरुवात करण्याआधी या दोघांना भेटावे.

माप घेताना

माप भरलेल्या कुशनचे घ्यावे, जुन्या कव्हरचे घेऊ नये. जुने कव्हर धुऊन आटलेले तरी असते किंवा वापरून सैल तरी झालेले असते. टेप कुशनच्या मधून, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सरळ धरावा आणि लांबी-रुंदी दोन्ही मोजावी. चौकोनी दिसणारे कुशन दर वेळी चौरस असतेच असे नाही. शक्य असेल तर एक कुशन नमुन्यासाठी घरी घेऊन यावे.

सोफ्याच्या कुशनला १६ बाय १६ इंच हे माप फार चालते. १२, १८ आणि २० इंचांची कुशनेही असतात. तयार कव्हर कुशनइतकेच किंवा अर्धा इंच कमी ठेवावे, म्हणजे कुशन भरलेले दिसते. सैल कव्हरात कितीही चांगले कापड वाया जाते.

लोडाचे माप टेप गोल फिरवून घ्यावे. हिशेबाने पडताळायचे असेल तर व्यासाला ३.१४ ने गुणावे. ९ इंच व्यासाच्या लोडाचा घेर सव्वाअठ्ठावीस इंच येतो. दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी एक इंच माया धरली की सव्वाएकोणतीस इंच कापड लागते. दोन्ही टोकांना १० इंच व्यासाचे गोल कापावे.

घेतलेले माप त्याच वेळी कागदावर लिहावे आणि गिऱ्हाइकाला वाचून दाखवावे. पुढचे निम्मे वाद यानेच टळतात.

कापडाची पारख

सुती कापड आटते आणि त्याचा रंगही जाऊ शकतो. हे दोन्ही कटाईआधी पाहून घ्यावे. कापडावर १० इंचांचा चौकोन आखून तेवढा तुकडा धुऊन वाळवावा आणि पुन्हा मोजावा. १० इंचांचे साडेनऊ झाले तर कापड शेकडा ५ आटते असे समजावे. रंगासाठी कापडाचा कोपरा भिजवून त्यावर पांढरे ओले फडके ठेवावे आणि गरम इस्त्री फिरवावी. फडक्यावर डाग उतरला तर ते कापड पांढऱ्या किंवा फिक्या कापडाशी जोडू नये. लाल आणि गडद निळ्या रंगांची पारख चुकवू नये. सर्व सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे. हा एक दिवस वाचवायला गेलेला माणूस पहिल्या धुण्यातच गिऱ्हाईक गमावतो.

सोफ्याच्या जाड कापडाला १६ नंबरची सुई लावावी, साध्या सुतीला १४ आणि पातळ रेशमी कापडाला ११. टाका इंचाला १० ते १२ या बेताने ठेवावा. बारीक टाक्याने जाड कापड गोळा होते आणि मोठ्या टाक्याने शिवण उसवते.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या हिमरू कापडाची कव्हरे फार उठून दिसतात. सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणाचे हे वेलबुट्टीचे कापड आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या विणले. पण त्याच्या उलट बाजूला धागे मोकळे असतात. नुसत्या कापडाची शिवण तिथे टिकत नाही आणि आतले कुशन त्या धाग्यांत अडकते. म्हणून हिमरूला सुती अस्तर लावावे आणि कापल्याबरोबर कडांना इंटरलॉक करून घ्यावे. हे कव्हर घरी धुऊ नये, ड्रायक्लीन करावे, हे गिऱ्हाइकाला पावतीवरच लिहून द्यावे.

कटाई : नफा इथेच आहे

आता १६ इंचांच्या पाच कुशनांचे उदाहरण घेऊ. पद्धत पाकिटाची. मागच्या बाजूला दोन तुकडे एकमेकांवर येतात, चेन लागत नाही आणि बटणही लागत नाही.

पुढचा तुकडा १७ बाय १७ इंच कापावा. १६ इंच कव्हर आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया. मागचे दोन तुकडे प्रत्येकी १७ इंच उंच आणि १२ इंच रुंद घ्यावेत. या १२ इंचांचा हिशेब असा : अर्धा इंच शिवणीची माया, दीड इंच दुमडीसाठी आणि १० इंच प्रत्यक्ष कापड. दोन तुकड्यांचे २० इंच होतात आणि कव्हर १६ इंचांचे आहे, म्हणजे ४ इंच कापड एकमेकांवर राहते. एवढे राहिले तरच कुशन मागून डोकावत नाही.

४४ इंच पन्ह्याच्या कापडावर हे तिन्ही तुकडे एका ओळीत बसतात : १७ अधिक १२ अधिक १२, म्हणजे ४१ इंच. नक्षीही तिन्ही तुकड्यांवर उभीच राहते. याचा अर्थ एका कव्हरला फक्त १७ इंच लांबीचे कापड लागते. पाच कव्हरांना ८५ इंच लागतात. एक मीटर म्हणजे ३९ इंचांहून थोडे अधिक. अडीच मीटर कापड घेतले की ९८ इंच मिळतात. शेकडा ५ आटले तरी ९३ इंच उरतात आणि काम सुखाने होते.

हेच तुकडे अंदाजाने, खडू न लावता, एकेक कव्हर कापत गेले की तीन मीटरही पुरत नाहीत. आधी कागदाचे किंवा पुठ्ठ्याचे दोन साचे करावेत, एक १७ बाय १७ चा आणि एक १७ बाय १२ चा. पूर्ण कापडावर पाचही कव्हरे आखून घ्यावीत आणि मगच कात्री लावावी. किनारीचे जाड काठ तुकड्यात घेऊ नयेत, ते वेगळे आटतात.

मोठ्या फुलांची किंवा चौकटींची नक्षी असेल तर फूल कव्हरच्या मधोमध यावे लागते. तिथे कापड अधिक लागते. किती लागेल ते दुकानातच साचा कापडावर ठेवून पाहावे आणि ती जास्तीची रक्कम गिऱ्हाइकाला आधी सांगावी.

शिवण

आधी मागच्या दोन्ही तुकड्यांची एकेक उभी कड दुमडावी. पहिली दुमड अर्ध्या इंचाची, त्यावर दुसरी एक इंचाची. इस्त्री करून टीप मारावी. पाचही कव्हरांच्या दहा कडा एकामागून एक काढाव्यात. एक कव्हर पूर्ण करून दुसरे हातात घेण्यापेक्षा यात वेळ वाचतो.

मग पुढचा तुकडा सुलटा पसरावा. त्यावर मागचे दोन्ही तुकडे उलटे ठेवावेत. टीप मारलेल्या कडा मध्यभागी एकमेकांवर याव्यात आणि बाहेरच्या कडा पुढच्या तुकड्याशी बरोबर जुळाव्यात. टाचण्या लावून चारही बाजूंनी अर्धा इंच आत टीप मारावी. जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे ताण सर्वात जास्त असतो, म्हणून त्या जागी पुढे-मागे करून टीप पक्की करावी.

कोपऱ्यांची एक खुबी आहे. टीप सरळ कोपऱ्यापर्यंत नेली तर कुशन घातल्यावर कव्हरचे कान बाहेर येतात. कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडून टीप हळूहळू आत वळवावी आणि कोपऱ्यावर ती पाव इंच आत असावी. मग कोपरा भरलेला दिसतो. शिवण झाल्यावर कोपऱ्याचे जादा कापड टिपेला न लागेल असे छाटावे, सर्व कडांना इंटरलॉक करावे, कव्हर उलटवून बोथट काडीने कोपरे काढावेत आणि इस्त्री करावी. आतून सुटे धागे दिसू देऊ नयेत. गिऱ्हाईक बाहेरून रंग पाहते, पण घरी गेल्यावर उलटून शिवणच पाहते.

चेन लावायची असेल तर पुढचा आणि मागचा असे दोनच तुकडे, १७ बाय १७ इंचांचे, लागतात. ४४ इंच पन्ह्यातून ९ ते १० इंचांची पट्टी उरते. १६ इंचांच्या कव्हरला १४ इंचांची चेन पुरते. चेन खालच्या शिवणीत लावावी आणि ती बाकीच्या तीन बाजू शिवण्याआधी लावावी. पाइपिंगसाठी दीड इंच रुंदीची पट्टी उरेबी, म्हणजे तिरपी कापावी, कारण सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर वळत नाही. एका कव्हरच्या चार बाजूंचे ६४ इंच होतात. जोड धरून ६८ इंच पट्टी ठेवावी. चेन आणि पाइपिंग या दोन्हींना वेळ लागतो, म्हणून त्यांची मजुरी वेगळी सांगावी.

हिशेब : स्वतःच्या वेळेची किंमत

आता मुख्य गोष्ट. पुढचे भाव उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब करावा.

अडीच मीटर कापड, १२० रुपये मीटरने, ३०० रुपये. दोरा १५ रुपये. सुई, तेल आणि वीज १५ रुपये. बाजारात जाण्या-येण्याचे ४० रुपये. पिशवी १० रुपये. एखादा तुकडा बिघडला तर त्यासाठी २० रुपये. एकूण ४०० रुपये. इथपर्यंतचा हिशेब बहुतेक सर्वच जण करतात.

पुढे काय होते? त्यात कव्हरमागे २० रुपये शिलाई मिळवली जाते, पाच कव्हरांचे १०० रुपये होतात आणि ५०० रुपयांत काम दिले जाते. गिऱ्हाईक खूश होते. पण त्या १०० रुपयांसाठी वेळ किती गेला? गिऱ्हाइकाशी बोलणे, माप आणि बाजार यांत दोन तास, कटाईला एक तास, शिवणीला तीन तास, धुणे-इस्त्रीला एक तास. एकूण सात तास. म्हणजे तासाला १४ रुपये पडले. एवढ्या पैशात कोणी आपल्या घरी धुणीभांड्यांनाही येणार नाही.

तासाला ६० रुपये धरले तर सात तासांचे ४२० होतात. मशीनच्या झिजेसाठी ३० रुपये बाजूला ठेवावेत, कारण ते मशीन एक दिवस दुरुस्त करावे लागणारच आहे. एकूण ८५० रुपये. त्यावर १५० रुपये नफा. पाच कव्हरांचे १,००० रुपये, म्हणजे नगाला २०० रुपये. मजुरी आणि नफा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानात घ्यावे. मजुरी हाताची असते. नफा हा धोका पत्करण्याचा आणि पुढचे कापड घेण्याचा पैसा असतो. नफा घरखर्चात गेला की पुढच्या कामाला उधारी करावी लागते.

‘एवढे कोण देईल?’ असे लगेच विचारले जाते. तयार कव्हर जिथे मिळते तिथे कोणीच देणार नाही. पण ज्याचे माप बाजारात मिळत नाही, ज्याला पडद्याशी जुळणारे कापड हवे आहे, तो देतो. आणि ज्याला द्यायचेच नाही, त्याचे काम घेऊन सात तास घालवण्यापेक्षा ते न घेणे बरे.

नगावरच्या कामाचेही असेच गणित करून पाहावे. समजा १०० नग आणि नगाला ८ रुपये. ८०० रुपये मोठे वाटतात. दोरा व विजेचे १०० रुपये गेले, उरले ७००. तासाला पाच नग धरले तर शिवणीला २० तास. गठ्ठा आणणे, धागे कापणे, मोजून परत देणे यांत चार तास आणि परत आलेले नग उसवून शिवण्यात दोन तास. २६ तासांत ७०० रुपये, म्हणजे तासाला २७ रुपयेही नाहीत. म्हणून हे काम उद्याच सोडावे असे नाही. रोजचे मशीन त्यावर चालते. पण आपल्याला खरोखर किती मिळते हे ठाऊक असेल, तर पुढच्या गठ्ठ्याच्या वेळी भावाबद्दल बोलता तरी येते.

इथे माल देणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंनाही एक सांगणे आहे. घरी काम करणाऱ्यांना इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. पण चांगल्या वागणुकीसाठी कराराची वाट पाहण्याचे कारण नाही. कापड कापून द्यावे, दोरा आपण द्यावा, भाव आणि नगसंख्या चिठ्ठीवर लिहून द्यावी आणि माल मोजून घेतल्याबरोबर मजुरी द्यावी. यात व्यापाऱ्याचेही हित आहे. वेळेवर पैसे मिळणारा हात टीप सरळ मारतो आणि दुसऱ्याचा गठ्ठा उचलायला जात नाही.

विसार, वायदा आणि कागद

काम घेताना कापडाची पूर्ण किंमत विसार म्हणून घ्यावी. वर दिलेल्या उदाहरणात ती ३०० रुपये आहे. ज्याने कापड पसंत केले, त्याचेच पैसे त्यात अडकलेले बरे. कापड गिऱ्हाइकाने आणले असेल तर त्याच्यासमोर मोजावे आणि डाग, भोक असेल तर तेव्हाच दाखवावे. चिठ्ठीवर माप, नग, कापड, भाव, विसार आणि देण्याची तारीख एवढे लिहावे. पूर्ण झालेल्या कामाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला तोच उपयोगी पडतो.

लग्नसराई, ईद आणि दिवाळी हे या कामाचे हंगाम आहेत. रमजान ईद दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते, त्यामुळे कामाचे वेळापत्रकही दर वर्षी नव्याने आखावे लागते. ईदच्या आठ दिवस आधी नवीन काम घेणे बंद करावे. चुकलेला वायदा गिऱ्हाईक वर्षभर विसरत नाही.

घरगुती प्रमाणावर जीएसटीची धास्ती बाळगू नये. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी वर्षाला ४० लाख रुपये आणि मजुरीसारख्या सेवेसाठी २० लाख रुपये ही नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा आहे. परराज्यात किंवा ऑनलाइन माल विकायचा असेल तर नियम वेगळे आहेत. ते कर सल्लागाराला विचारून घ्यावेत. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली आहे. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ज्या १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश केला गेला, त्यांत शिंपीकामही आहे. त्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण एका कुटुंबातून एकालाच. नावनोंदणी सुरू आहे की नाही याची खात्री जवळच्या सेवा केंद्रात करून मगच धावपळ करावी.

सुरुवात लहान करावी. पहिला सेट आपल्याच घरच्या कुशनांचा शिवावा आणि घड्याळ समोर ठेवून प्रत्येक कामाला किती वेळ लागला ते वहीत लिहावे. तो सेट महिनाभर वापरावा, दोनदा धुवावा आणि शिवण कुठे ताणली, रंग कुठे गेला ते पाहावे. त्यानंतरच दुसऱ्याचे काम घ्यावे. आपल्या घरांत हुन्नर पुष्कळ आहे. मशीनशेजारी एक वही आणि एक घड्याळ ठेवले, तर त्या हुन्नराचा मोबदलाही घरातच राहील.